तिसरी पाळी

'कुटुंब' ह्या शब्दास जुन्या मराठीत दोन अर्थ होते. एक, घरातील सारी माणसे. आणि दुसरा, नुसती बायको. 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे एखादा गृहस्थ म्हणाला, तर त्याच्या पंक्तीस आठ माणसे बसलेली असूनही ऐकणारास त्यात काही विसंगत वाटत नसे. नव्या शिक्षणाच्या मंडळींनी ह्या दुसऱ्या अर्थाची पुष्कळ थट्टा केली, आणि ती काही अंशी योग्यही होती. तथापि ज्या कोणी हा शब्द प्रथम असा योजिला, त्याने घराकडे नीट डोळे उघडून पाहिले असले पाहिजे असे आम्हांस वाटते. ते एक माणूस चार दिवस घरात नसले म्हणजे उरलेली माणसे कुटुंब राहत नाहीत. एका धर्मशाळेत उतरलेले वाटसरू होतात. प्रस्तुत लेखात आम्ही हा शब्द त्या जुन्या, दुसऱ्या अर्थीच वापरणार आहोत. वाचकभगिनींनी राग मानू नये. लेख त्यांच्याच बाजूचा आहे.

आमचे बिऱ्हाड लोअर परळात, ना. म. जोशी मार्गालगतच्या एका गल्लीत, जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. लगतच्या दोन खोल्या, मधल्या भिंतीत पाडलेले दार आणि एका खोलीवर घातलेला पोटमाळा, एवढ्या जागेत नऊ माणसे नांदतात. आम्ही व आमचे कुटुंब. थोरले चिरंजीव, जे एका बँकेत आहेत. थोरल्या सूनबाई, ज्या परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा व दहा वर्षांची मुलगी. धाकटे चिरंजीव, जे रेल्वेच्या कारखान्यात काम करतात. धाकट्या सूनबाई, ज्या एका मोठ्या कचेरीत हिशेब तपासतात. आणि गेल्या वैशाखात जन्मास आलेली त्यांची कन्या. ह्या शेवटच्या व्यक्तीचे वजन घरात सर्वांहून कमी व अधिकार सर्वांहून जास्त आहे.

अशा घराचा दिवस सूर्योदयाने सुरू होत नाही, नळाने होतो. पहाटे पावणेपाचास मोरीतल्या नळास प्रथम खोकला येतो, मग सुस्कारा, आणि मग पाणी. साडेसहाच्या आत पिंप, दोन कळश्या, चार बादल्या आणि पोटमाळ्याच्या जिन्याखालची जुनी टाकी भरली पाहिजे. त्याच वेळात ज्यांना लवकर बाहेर पडावयाचे त्यांच्या आंघोळी उरकल्या पाहिजेत. आणि दोन कुकर चुलीवर चढले पाहिजेत. चूल म्हणजे अर्थात गॅसची शेगडी. जीभ जुनी आहे. मुंबईकरांच्या पाण्यासाठी १८६० साली विहार तलाव बांधला गेला, १८९२ साली तानसा आला, नंतर वैतरणा व भातसा आल्या. शंभर किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडून ते पाणी आमच्या मोरीपर्यंत येते, ह्याचा विचार केला म्हणजे मन कृतज्ञतेने भरून येते. मात्र असा विचार करण्याची सवड पहाटे कोणास नसते. 'बादली सरकवा' एवढेच त्या वेळचे वाङ्मय.

मग डबे. पाच डबे भरले जातात, आणि पाचांची पथ्ये निराळी. थोरल्या चिरंजीवांस साखर वर्ज्य, नातवास भेंडीवाचून दुसरी भाजी ठाऊक नाही, नातीस पोळी गुंडाळी करूनच हवी, आणि थोरल्या सूनबाईंची त्या आठवड्यात कोणती पाळी आहे ह्यावर त्यांचा डबा सकाळी भरावयाचा की दुपारी की रात्री, हे ठरते. भिंतीवर कालनिर्णयाच्या शेजारी त्यांच्या पाळ्यांचे कोष्टक लटकते, आणि चतुर्थी-एकादशीपेक्षाही त्याच्याकडे घराचे लक्ष अधिक असते.

'पाळी' हा शब्द ह्या वस्तीस नवा नव्हे. आज जेथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तेथे पूर्वी साचे चालत. १९०५ साली निघालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज केवढा बाजार भरतो, हे मुंबईबाहेरच्या वाचकांसही ऐकून माहीत असेल. त्या काळी चाळीत घड्याळ नसले तरी कोणाचे अडत नसे. भोंगा झाला की पहिली पाळी, भोंगा झाला की दुसरी, भोंगा झाला की रात्रपाळी. एका खोलीत दहा-दहा बिनबायकांचे पुरुष राहत, आणि एक पाळी कामावर गेली म्हणजे तिच्या वळकट्यांच्या जागी दुसरी पाळी निजे. त्यांची मुलेबाळे कोकणात वा घाटावर, आजी-आजोबांपाशी. म्हणजे आईबाप कामावर आणि मूल म्हाताऱ्यांकडे, ही रीत आजच्या कचेऱ्यांनी काढली असे जे कोणी समजतात, त्यांनी गिरणगावाचा इतिहास वाचलेला नाही. रविवारची सुट्टी तरी कोठे पूर्वीपासून होती? नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून गिरण्यांस आठवड्याची सुट्टी मिळू लागली. आज रविवारी दुपारी आपण मुलांसमवेत जेवून वामकुक्षी करतो, त्या सुखात लोखंड्यांचा वाटा आहे, हे आम्ही आमच्या वर्गात दरवर्षी सांगत असू.

पण ज्या स्त्रिया स्वतः गिरणीत जात, त्यांच्या तान्ह्या मुलांचे काय होई? ह्या प्रश्नाचे उत्तर सुखद नाही. आई वायंडिंग खात्यात दहा तास उभी, आणि मूल खोलीत एखाद्या म्हातारीपाशी किंवा सात वर्षांच्या बहिणीपाशी. ते रडू नये, निजून राहावे, म्हणून सकाळी निघताना त्याच्या जिभेवर अफूची बारीक गोळी ठेवली जाई. ह्याची सरकारी चौकशीतही नोंद झालेली आहे. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. पुष्कळ बायका बाळंतपणास गावी जात, त्यामुळे शहरात जन्म कमी नोंदले जात व मृत्यू अधिक दिसत, हे ध्यानात घेतले तरी तो आकडा वाचून अंगावर काटा येतो. आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ही संख्या सर्वांत अधिक होती. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातील ह्या प्रकारचा तो पहिला कायदा. १९४८ च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर हवे, असे ठरविले. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूतिरजेचा कायदा आला, आणि २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी ती रजा सव्वीस आठवड्यांची झाली.

हे सव्वीस आठवडे आमच्या घरात कार्तिकात संपावयाचे होते.

त्याआधीचे दिवस कसे गेले, हे लिहिण्यात हात रमतो. नातीच्या जन्मानंतर घराचा अर्धा पसारा तिच्याच भोवती फिरू लागला. दोरीवर लंगोटांचे तोरण, कोपऱ्यात धुरीचे शेणी-ओव्याचे भांडे, वेखंडाचा वास, काजळाची डबी. शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंतास, मुलांच्या अंगावरच्या धुळीने ज्यांची अंगे मळतात ते लोक भाग्यवान वाटतात. श्लोक सुंदर आहे आणि आम्ही तो तीस वर्षे शिकविला. परंतु कालिदासाने धूळ पाहिली, धुणे पाहिले नाही. तसेच ते मुलांच्या संगोपनाचे प्रसिद्ध सुभाषित, ज्यात पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मैत्री अशी वाटणी केलेली आहे. त्यात पहिली पाच वर्षे रात्री कोणी उठावयाचे, ह्याविषयी एक अक्षर नाही.

बाळगुटीवरून घरात थोडा वाद झाला. आमच्या कुटुंबाने सहाण काढून ठेवली होती; हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, सारे सिद्ध होते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले की सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको. थोरल्या सूनबाईंनीही तेच सांगितले. आमच्या कुटुंबाने दोन दिवस तोंड बारीक केले, आणि तिसऱ्या दिवशी सहाण पुन्हा चंदनासाठी देवघरात ठेवून दिली. 'जायफळ श्रीखंडाला होईल,' एवढेच ती म्हणाली.

खरी अडचण निराळीच निघाली. तान्ह्या मुलास न्हाऊ घालावयाचे म्हणजे पाटावर बसून पाय लांब पसरावयाचे, त्या पायांवर मूल पालथे घ्यावयाचे, आणि अर्धा तास त्या स्थितीत राहावयाचे. आमच्या कुटुंबाने आपली दोन मुले, दिराची तीन, थोरल्याची दोन, आणि चाळीतली तर न मोजलेली, अशी ह्याच मोरीत न्हाणविली. परंतु ह्या खेपेस चौथ्या दिवशी पाटावरून उठताना तिचे गुडघे उठेनात. धाकट्या सूनबाईंनी बाळ घेतले, आम्ही हात दिला, आणि ती भिंतीस धरून उभी राहिली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धाकट्या चिरंजीवांस हाक मारली, पाटावर बसविले, धोतर नव्हतेच म्हणून अर्धी विजार वर दुमडावयास लावली, आणि बाळ त्याच्या पायांवर ठेवून म्हणाली, 'बस. मी सांगते तसं कर.'

तो देखावा पाहावयास अर्धी चाळ गॅलरीत जमली. कारखान्यात पोलादाशी झटणारा सहा फुटांचा गडी एका हाताने बाळाचे डोके सावरतो आहे, दुसऱ्या हाताने पाणी घालताना भीतीने स्वतःच डोळे मिटतो आहे, आणि आई मागून 'कान झाक, कान झाक' म्हणून ओरडते आहे. बाळ आधी किंचाळले, मग थांबले, मग त्याने बापाकडे असे काही टक लावून पाहिले की तो पाणी घालावयाचेच विसरला. आज तो ते काम इतक्या सफाईने करतो की शेजारच्या दोघा तरुण बापांस त्याने शिकविले. आमच्या पिढीत आम्ही मुलास उचलून घेत असू ते सदरा बदलण्यापूर्वी नव्हे, बदलल्यानंतर, आणि तेही ते हसत असेल तर. ह्या बाबतीत नवी पिढी आमच्याहून बरी आहे, हे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

कार्तिक जवळ आला तसा घरात एक प्रकारचा मौनाचा कारभार सुरू झाला. धाकट्या सूनबाई कामावर जाणार, हे ठरलेले होते. त्यांचा पगार घरात येतो म्हणूनच थोरल्या नातवाच्या शिकवणीची फी आणि आमची रक्तदाबाची औषधे येतात. शिवाय त्यांस ते काम आवडते, आणि हे कारण पहिल्या कारणाहून लहान आहे असे आम्ही मानीत नाही. कचेरी दहा मिनिटांच्या वाटेवर, पूर्वी जेथे गिरणी होती तेथेच. तेव्हा बाळ कोठे राहणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आजी घरात असताना तो विचारावयाचा कशास? थोरल्यांच्या दोन्ही मुलांस तिनेच वाढविले होते. २०१८ च्या जुलैत अंधेरीचा पूल कोसळल्यावर साऱ्या पुलांची तपासणी झाली आणि लोअर परळ स्थानकाजवळचा डिलाईल पूल वाहतुकीस बंद करण्यात आला. तो पुरता खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. तेवढ्या अवधीत थोरला नातू दुसरीतून सातवीत गेला, आणि त्यास वळसा घालून शाळेत सोडणे-आणणे बहुतांशी तिनेच केले. २०२० च्या टाळेबंदीत थोरल्या सूनबाईंस रुग्णालयाने दिलेल्या जागेतच राहावे लागे. त्या आठवड्यातून एकदा खाली रस्त्यावर येऊन उभ्या राहत, आणि पाच वर्षांची नात गॅलरीच्या कठड्यातून हात बाहेर काढून 'आई, वर ये' म्हणे. त्या मुलीस रात्री कुशीत घेऊन निजविणे हे काम कोणाचे होते, हे सांगावयास नको.

तेव्हा सर्वांनी गृहीत धरले होते. एका रात्री जेवणे झाल्यावर, खरकटे काढून झाल्यावर, आमचे कुटुंब पदरास हात पुसत मधल्या दारात बसले, आणि म्हणाले, 'मला दोन शब्द बोलायचे आहेत.'

तिचे बोलणे आम्ही येथे शक्य तितके तिच्याच शब्दांत देतो. ती म्हणाली, 'माझे वडील गिरणीच्या ऑफिसात टाइमकीपर होते. म्हणून मला गिरणीचीच भाषा येते. माझी पहिली पाळी झाली, तुम्ही दोघं आणि तुमची चुलतभावंडं. दुसरी पाळी झाली, ही दोघं. दोन्हींत एक खाडा नाही. आता तिसरी पाळी मला पुरी झेपणार नाही. बाळ मला नको असं नाही, पण मी कायम म्हणून नाही, बदली म्हणून येईन. सकाळी दहा ते दुपारी दोन. बुधवारी दुपारी आणि शनिवारी अख्खा दिवस मी नाही. रात्री बाळ रडलं तर मला उठवायचं नाही.'

घरात इतकी शांतता झाली की मोरीतला नळ ठिबकताना ऐकू आला. थोरले चिरंजीव म्हणाले, 'पण आई, तू नाहीस तर कोण?' त्यावर ती म्हणाली, 'तेच तर. हा प्रश्न तुम्ही आज पहिल्यांदा विचारलात.' धाकट्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हांस वाटले त्या दुखावल्या. परंतु त्या उठून सासूच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'आई, मीच विचारणार होते. कसं विचारावं ते सुचत नव्हतं.'

बातमी डोंबिवलीस आमच्या भगिनींपर्यंत पोहोचावयास दोन दिवसही लागले नाहीत. त्यांचा दूरध्वनी आला. 'दादा, आजी-आजोबा धडधाकट असताना मूल परक्याच्या घरी ठेवायचं? मग एकत्र राहता तरी कशाला? आपल्या वेळी घरात नव्हती का वाढली पंधरा पंधरा मुलं?'

वाढली, खरी गोष्ट. पण कोणी वाढविली? भगिनींस आम्ही फोनवर जे सांगितले ते येथे जरा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या समाजातील पुष्कळ घरांस ते लागू आहे. आमच्या वडिलांच्या एक आत्या होत्या. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य, मग माहेरी. आम्ही त्यांस पाहिले तेव्हा त्या फार थकल्या होत्या. तांबडे आलवण, हाती जपाची माळ, आणि मांडीवर कोणाचे ना कोणाचे मूल. घरातील तेरा मुले त्यांनी वाढविली, ज्यांत त्यांचे एकही नव्हते. त्यांचे निजणे माजघरात मुलांच्या ओळीच्या कडेला, म्हणजे जे रडेल ते त्यांच्या हाताशी. जुन्या एकत्र कुटुंबात मुले आपोआप वाढत असत, असे जे आपण आज मोठ्या कौतुकाने बोलतो, ते 'आपोआप' म्हणजे ह्या आत्या होत. प्रत्येक मोठ्या घरात अशी एक तरी असे. १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा समाजाने जो गहजब केला, त्याच्या पोटी धर्माची चिंता किती होती आणि फुकट राबणारे एक माणूस घरातून जाईल ही चिंता किती होती, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला आम्ही पाहिला नाही. आत्यांस कोणी कधी विचारले नाही की, हे तुम्हांस करावयाचे आहे काय. त्या नाही म्हणाल्या असत्या असे नव्हे. मुलांवर त्यांचा जीव होता. पण विचारणे आणि गृहीत धरणे ह्यांत जे अंतर आहे, ते आत्यांच्या साऱ्या आयुष्याएवढे होते. भगिनी फोनवर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'आत्यांचे पाय मीच चेपत असे, दादा.' आणि विषय बदलला.

आता व्यवस्था. दहा ते दोन आमचे कुटुंब. दोन ते चार आम्ही. त्या वेळात बाळ बहुधा निजते, आणि न निजल्यास आम्ही त्यास शब्दरूपावली म्हणून दाखवितो. इकारांती पुल्लिंगी शब्दांस ते विशेष प्रसन्न असते. चार ते सात तळमजल्यावरच्या ताई. ह्या ताईंविषयी थोडे लिहिले पाहिजे. त्यांचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. ताई तेव्हा नव्या नवऱ्या. पंचवीस डब्यांची खानावळ चालवून त्यांनी घर उभे ठेविले. खानावळवाल्या बायकांचे हे कष्ट गिरणगावात जुनेच; त्यांस सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते ह्याच दादर-परळच्या परिसरात. पुढे गिरण्याच गेल्या, जेवणारे गेले. तेव्हा ताईंनी पोळीभाजी विकली, आणि आता त्या सुनेच्या मदतीने चार मुले सांभाळतात.

पैशांची गोष्ट निघाली तेव्हा ताई म्हणाल्या, 'मास्तर, तुमच्या नातीचे पैसे घेऊ? माझी पोरं तुमच्याकडं फुकट शिकली.' आम्हांस गहिवरून आले, आणि आम्ही 'बरे' म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आमचे कुटुंब म्हणाले, 'ताई, तुम्ही पैसे घेतले नाहीत तर मी बाळ आणणार नाही. तुमच्या तीन तासांचं मोल नाही म्हटलं, तर माझ्या चार तासांचं तरी काय राहिलं?' ताईंनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. मग इतर मुलांस जो दर होता तोच सांगितला, एक रुपया कमी नाही.

पहिल्या दिवशी धाकट्या सूनबाई कामावर निघाल्या तेव्हा तीन वेळा जिना उतरून तीन वेळा वर आल्या. एकदा छत्री विसरली, आणि तेव्हा कार्तिक सरत आला होता. दूध काढून शीतकपाटात ठेवलेले होते, बाटल्यांवर वेळा लिहिलेल्या होत्या. आमच्या कुटुंबास हा प्रकार प्रथम चमत्कारिक वाटला. नंतर तिनेच थोरल्या नातीस त्या बाटल्यांची राखणदार नेमले. बाळ दुपारी बारा वाजता तासभर रडले आणि मग कुकरच्या शिट्टीस दचकून हसू लागले. तेव्हापासून त्या घरात अवेळी रिकामा कुकर वाजतो, आणि गॅस किती जळतो हे आम्ही विचारीत नाही.

बुधवारी दुपारी आमचे कुटुंब दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. १८९८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे आम्ही स्वतः जुने सभासद; पण चाळीस वर्षे पुस्तके आम्ही आणावयाची आणि तिने रात्री भाकऱ्या झाल्यावर पेंगत पेंगत चार पाने वाचावयाची, असा क्रम होता. आता ती स्वतः कपाटांपुढे उभी राहून निवडते. तिची निवड आमच्या निवडीशी जुळत नाही. तिला प्रवासवर्णने आवडतात, हे आम्हांस पासष्टी उलटल्यावर कळले. शनिवारी ती कोठे जाते हे आम्ही विचारीत नाही. कधी सांगते, कधी सांगत नाही.

सारे सुरळीत आहे असे मात्र कोणी समजू नये. मार्गशीर्षात ताईंच्या घरी तापाची साथ शिरली आणि आठ दिवस सारी घडी विस्कटली. थोरल्या सूनबाईंनी रात्रपाळीनंतर न निजता बाळास पाहिले, धाकट्या चिरंजीवांनी तीन खाडे केले, आणि आमचे कुटुंब शनिवारी घरी राहिले. परंतु तो शनिवार तिने पुढच्या सोमवारी वसूल करून घेतला. दोघी जावांत एकदा बाटल्या उकळण्यावरून शब्दास शब्द लागला. थोरला नातू म्हणतो की पोटमाळ्यावर अभ्यास होत नाही, आणि तो खोटे बोलत नाही.

राहता राहिली सूनबाईंची कचेरी. २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे जेथे पन्नास वा अधिक नोकर असतील, मग त्या स्त्रिया असोत वा पुरुष, तेथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईस दिवसातून चार वेळा मुलापाशी जाऊ द्यावयास हवे. ह्या कचेरीत तीनशेवर माणसे आहेत. व्यायामशाळा आहे, कॉफीचे यंत्र आहे, पायांनी खेळावयाच्या चेंडूचे एक टेबलही आहे म्हणतात. पाळणाघर नाही. सूनबाईंनी विचारले तेव्हा एका अधिकाऱ्याने हसून सांगितले, 'तुमच्याकडे तर जॉइंट फॅमिली आहे ना?' हे वाक्य सूनबाईंनी घरी येऊन सांगितले तेव्हा आमचे कुटुंब ताडकन म्हणाले, 'म्हणजे त्यांच्या पाळणाघराची बिनपगारी बाई मी?' त्याच रात्री अर्ज लिहावयास बसलो. इंग्रजी मसुदा सूनबाईंचा. कलमांचा क्रम आम्ही लावला, कारण अन्वय लावण्याची सवय जात नाही. आणि 'सोय करावी ही विनंती' येथील 'विनंती' आमच्या कुटुंबाने खोडावयास लावली.

पहिल्या आठवड्यात त्या अर्जावर चार सह्या होत्या, सर्व स्त्रियांच्या. दुसऱ्या आठवड्यात एका तरुण बापाने सही केली, आणि त्याच्यामागून आणखी काहींनी. उत्तर अद्याप आलेले नाही. काल रात्रीपर्यंत सव्वीस सह्या झाल्या होत्या.